खिसा

डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे,
रोज रंकाळ्याला एक फेरी मारा.
हे म्हणाले, अठ्ठावीस वर्षं गावभर फिरतोय की मी.
डॉक्टर म्हणाले, फिरते ती बस, सर्जेराव.
तुम्ही बसलेले असता.

त्या रात्री मी ट्रॅकपँट शिवायला घेतली.
ईश्वरीच्या गॅदरिंगचं निळं कापड उरलं होतं,
समुद्र झाली होती ती तिसरीत,
म्हणून चमक जरा जास्त.
"हे घालून मी महाद्वार रोडनं जाऊ?"
"पहाटे पाचला कोण बघतंय तुम्हाला."

महिन्याभरात ड्युटीची खाकी पँट कंबरेत सैल.
अर्धा अर्धा इंच आत घेतली दोन्हीकडून,
कापड कापलं नाही.
गंगावेशीतल्या आत्यानं हात धरून शिकवलंय मला,
माणूस बारीक झाला म्हणून माया कापायची नसते गं,
आत दुमडून ठेवायची.

दुसऱ्या महिन्यात टीप आहे तिथंच.
तिसऱ्या महिन्यात टीप ताणलेली,
दोरा दिसायला लागलेला दाताच्या फटीसारखा.
आणि सोमवारी धुवायला काढली निळी पँट
तर गुडघ्याच्या जरा वर
लाल तर्रीचा थेंब,
पावलीएवढा.

मी काही बोलले नाही.
साबण लावला, उन्हात टाकली,
तर्री काही जात नाही कापडातून, नुसती पिवळी होते.
रात्री सगळे झोपल्यावर मशीनवर बसले
आणि दोन्ही खिशांची तोंडं शिवून टाकली.
दुहेरी टीप, आतून.

सकाळी दारातच हात खिशाकडं गेला, घसरला.
पुन्हा गेला.
माझ्याकडं बघितलं, मी दुधाकडं बघत होते.
वीस रुपयांची नोट, पन्नासाची नोट
चपलांच्या फळीवर ठेवून
गेले बापडे.

तीन दिवस आमच्यात भाजीचं आणि गॅसचंच बोलणं.
चौथ्या दिवशी म्हणाले,
"एकट्यानं फिरायला लागलं की पाय आपोआप मिसळीकडं वळतात.
तू चल."

मी कशी येऊ? साडीत?
सगळ्या गल्लीचे पंजाबी ड्रेस शिवते मी,
रजिस्टरात चारशे बायकांची मापं,
माझं नाव नाही त्यात.
"दे ती टेप," म्हणाले,
स्टिअरिंगनं घट्टे पडलेला हात पुढं करून.

टेप उलटी धरली.
"छाती... शंभर?" दचकलेच.
ईश्वरी दोरीवरच्या उड्या थांबवून खाली बसली हसून हसून,
"पप्पा, ते सेंटिमीटर आहेत!"
खालच्या काकू ओरडल्या, उड्या झाल्या, आता काय दळताय?
"खांदा... हलू नकोस."
"तुम्ही हलवताय."
"बाही किती?"
"कोपरापर्यंत."
कोपर धरून उभे राहिले उगाच, माप लिहून झालं तरी.
मग पेन्सिल कानामागं खोचली, माझ्यासारखीच.
रजिस्टरात वरती लिहिलं: घरचं.

शिवायला आठ दिवस लागले,
गिऱ्हाइकांचं आधी.

आज गेलो.
पाणी अजून काळंच होतं, संध्यामठ त्यात अर्धा बुडालेला,
म्हशी घेऊन एक पोरगा आमच्या पुढं निघून गेला.
मला टॉवरपासून शंभर पावलांतच धाप.
हे पुढं, मग थोडे पुढं,
मग बुटाची नाडी बांधायला वाकले,
नाडी सुटलेली नव्हती.

फेरी काही पुरी झाली नाही.
शालिनी पॅलेस लांबनंच बघितला आणि फिरलो मागं.
हॉटेलाच्या दारात वास आडवा आला,
ह्यांनी मान खाली घालून स्वतःच्या शिवलेल्या खिशांवरनं
हात फिरवले, दोन्ही.

कुडत्याला डाव्या बाजूला मी एक खिसा ठेवलाय,
शिवणीत लपवलेला, कुणाला दिसत नाही.
"एकच प्लेट," मी म्हणाले,
"दोन चमचे. पाव नाही.
आणि पँटीवर सांडू नका आता."