आज तिथी कोणती

पन्नास वर्षं तांडेलकी केली बाबांनी.
पडले ते विहिरीपाशी,
साबणाच्या पाण्यावर, एका पायरीवरून.
उठले, लुंगी झटकली, म्हणाले, कोणाला सांगू नको.
मी नाही सांगितलं.

तीन आठवडे काहीच नाही.
मग डाव्या हातातून कप सुटला.
मग दुपारी झोपले ते दिवेलागण झाली तरी उठेनात.
वय झालं, द्वारकाकाकी म्हणाली.
वय झालं, मीही म्हटलं.
तेवढं म्हटलं की पुढचं काही करावं लागत नाही.

एकशेआठच्या गाडीत पहिला प्रश्न: वय?
रत्नागिरीत, केसपेपरच्या खिडकीत: वय?
स्कॅनच्या दारात पुन्हा.
अठ्ठ्याहत्तर, मी सांगायचे,
आणि समोरचं पेन
दर वेळी जरासं सावकाश व्हायचं.

नांदेडकडची डॉक्टर, माझ्या मुलीएवढी.
तिनं फिल्म उजेडाला धरली, कडेला बोट ठेवलं.
ही कोर दिसते? हे रक्त.
म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो,
मग कवटीत जागा होते,
रक्त त्या जागेत हळूहळू साचतं,
म्हणून उशिरा कळतं.
रक्त पातळ करायची गोळी घेतात ना?
मी मान हलवली.
मला ती कोर पंचमीची वाटली.

मग ती बाबांकडे वाकली.
आजोबा, आज वार कोणता?
गप्प.
महिना?
गप्प.
आपण आत्ता कुठं आहोत?
बाबांनी खिडकीकडे पाहिलं.
खिडकीत पाण्याची टाकी, तिच्यावर दोन कावळे.
"अष्टमी," ते म्हणाले.
"पाऊणपट कर. सहाला भरती.
भांगाची आहे, पायरीपर्यंत यायची नाय."

तिनं कागदावर काहीतरी लिहिलं.
मी उलटं वाचलं: असंबद्ध.

बाहेर येऊन मी पुरणगडला फोन लावला.
जेट्टीवर कोण आहे? पाणी कुठवर आलंय?
सहा वाजून गेले होते.
रमाकांत म्हणाला, आता थांबलंय.
पायरीच्या खाली.
हे कोणाला सांगायचं, मला कळेना.

मेंदूचे सर्जन गुरुवारी येतात.
आम्ही गुरुवारची वाट पाहिली.
भाऊ म्हणाला, या वयात डोक्याला भोकं पाडायची?
सर्जन म्हणाले, वय एकटं काही ठरवत नाही,
पण मी खोटंही बोलणार नाही,
घरी जातील. होते तसेच जातील, असं नाही.
मी सही केली.
भावानं खाली स्वतःचा फोन नंबर लिहिला, तेवढंच.

नळीतून दोन दिवस काळपट पाणी आलं,
इंजिनातलं जुनं तेल असतं तसं.
तिसऱ्या रात्री ते खाटेवरून उतरायला बघत होते,
वल्ह्याला हात घालतात तसा कठड्याला हात घालून.
सिस्टर मुल्लांनी हात बांधले नाहीत.
स्टूल ओढून बसल्या, म्हणाल्या,
तांडेल, पहाट व्हायचीय, जरा पडा.
पडले.

तीन महिन्यांनी तपासणी.
मी रोज घोकून घेतलं होतं, पहिलीतल्या पोराकडून घ्यावं तसं.
वार? बुधवार.
महिना? बरोबर.
कुठं आहोत? रत्नागिरी, सरकारी दवाखाना.
तीच डॉक्टर, मनापासून हसली.
कागदावर लिहिलं: उत्तम सुधारणा.
आणि खरंच, काठी घेऊन चालतात,
स्वतःच्या हातानं जेवतात,
वॉर्डातल्या सगळ्यांना हे जमलेलं नाही.
पलीकडच्या खाटेवरचे मयेकर
घरी गेलेच नाहीत.

एसटीतून उतरून आम्ही तसेच जेट्टीवर गेलो.
बाबा, आज दशमी. भरती किती वाजता?
ते बोटं मोजू लागले, मध्येच थांबले.
"बुधवार," म्हणाले.

मी साडेसात म्हटलं नाही.
पायरीवर बसलो दोघं.
अंधार पडता पडता पाणी चढत चढत
त्यांच्या चपलांना लागलं.
दचकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
नळ मीच सोडून ठेवल्यासारखं.