कपाट क्रमांक तीन

पत्र दोन ओळींचं, शिक्का मात्र मोठा.
धर्मशिक्षणाच्या तासाला बाहेरचं साहित्य नको.
शनिवारपर्यंत यादी करून द्यावी.
खाली मॅनेजर फादरांची सही.

म्हणून शाळा सुटल्यावर
कलिन्याच्या या दुसऱ्या मजल्यावर
मी आणि दत्ताराम शिपाई.
तो वस्तू उचलतो, मी रकाने भरते.

श्वासावर ध्यान, सीडी, एक.
पाकिटावर न्यूझीलंडचा पत्ता.
आपल्याच अंगणातला श्वास
एवढा लांब जाऊन, इंग्रजी शिकून
सेलोफेनमधून परत आला होता.
त्यातली बाई गोड आवाजात म्हणायची, सोडा, आता सगळं सोडा,
की मागच्या बाकावरचा एल्रॉय
दप्तर सोडून थेट घरी निघायचा.

बुद्धाच्या गोष्टी, सचित्र, एक. पान अकरा फाटलेलं.
फकिराच्या आणि गाढवाच्या गोष्टी, दोन भाग.
मंडलं, रंगवण्यासाठी, छत्तीस.
पितळी वाटी, लाकडी दांडीसकट.
ती सिस्टर अर्मेलिंडानं आणलेली, धरमशालेहून,
बदली व्हायच्या आधीच्या मे महिन्यात.

तक्रार कोरियांची, एलिशाच्या वडिलांची.
वाईट माणूस नव्हे.
जहाजावर असतो, आठ महिने पाणीच बघतो.
इथे, या फळ्यासमोर, टोपी हातात घेऊन म्हणाला,
टीचर, आठवड्यातून चाळीस मिनिटं माझ्या पोरीला येशू मिळतो.
त्यातली दहा तुम्ही वाटीला दिलीत.

मला उत्तर सुचलं नाही.
अजून नाही.
हिशेब त्याचा चुकला नव्हता.
आणि खरं सांगायचं तर
चाळीस पोरं गप्प करायला त्या वर्षी
मला प्रार्थना पुरत नव्हती, वाटी पुरली.
हे मी कन्फेशनला सांगितलेलं नाही.
पाप आहे का तेच ठरत नाही.

सांगणार होते त्याला,
माझ्या लग्नात उंबराचं पाणी आणायला
आया-मावश्या वाजतगाजत विहिरीवर गेल्या,
विहिरीला विडा-सुपारी दिली,
पाण्याला नमस्कार केला,
आणि दुसऱ्या दिवशी तेच फादर
आमच्या पंगतीत बसून दोनदा वडे मागत होते.
कुणी यादी मागितली नाही.
नाही सांगितलं.
विहीर आता सिमेंटच्या झाकणाखाली,
झाकणावर कोरियांचीच स्कूटर उभी असते.

रोज सकाळी पोरं हात जोडून उभी राहतात.
नमो मरिये.
हा नमो कुठल्या गावाहून आला
ते फादरांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.
काही दारं आपण वाजवू नयेत,
आतलं माणूस झोपलेलं असतं.

मंडलं मोजली. पस्तीस भरली.
पुन्हा मोजली.
मधल्या सुट्टीत एलिशा आली होती,
चतकोर घडी केलेला कागद पुढे धरून,
टीचर, हे पण परत द्यायचं?
उलगडून बघितलं.
पाकळ्या सगळ्या नियमानं रंगवलेल्या, हिरव्या, जांभळ्या,
पण मधोमध, कमळाच्या जागी
लाल लुगड्यातली मरियामाउली,
कासोटा घातलेली, हातात मासळीची टोपली.
तिची आजी अशीच बाजाराला जायची म्हणे.

मी म्हटलं, नाव घाल खाली, आणि घरी ने.
वडिलांना दाखव.
दाखवलं की नाही, माहीत नाही.

यादीत छत्तीस खोडून पस्तीस केलं,
शेजारी छोटी सही.

दत्तारामनं खोक्याला सुतळी बांधली.
बाई, वाटी राहिली की. कशात घालू?
मी लिहिलं, स्टेशनरी,
खडू ठेवायचं भांडं, पितळी, एक.
त्यानं टेबलावरचा तुकडा उचलून आत टाकला.

वाजली.

तो सुतळी धरून, मी पेन धरून,
आवाज पूर्ण विरेपर्यंत
तसेच उभे राहिलो.
खाली मैदानात कुणीतरी बॉल मागत होतं.

मग तो म्हणाला,
कुलूप लावू ना?