धडा

मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकाशी
आमचा वजनकाटा आहे, साठ टनी.
आधी भरलेला ट्रक, मग रिकामा,
वजाबाकी करून शिक्का मारायचा.
बावीस वर्षं एवढंच करते.
गूळ कुणाचा, दर काय पडला,
हे काट्यानं विचारायचं नसतं.

मंगळवारी वॉर्डातून निरोप आला :
सुगंधाक्का, सभेला या,
टोलच्या रस्त्याची तडजोड आलीय.

सभागृहात पंखे होते, वारा नव्हता.
कंपनीचा माणूस चांगला बोलला. शुद्ध बोलला.
शहराच्या गाड्यांना तीस वर्षं माफी,
उड्डाणपुलाखाली भाजीवाल्यांना गाळे,
तीन कोटी रोख,
आणि आपण तो दावा तेवढा मागं घ्यायचा.
'तेवढा' हा शब्द त्यानं असा ठेवला
जसा गुजरीतला सराफ
चिमटीनं गुंज ठेवतो पारड्यात.

इलाही मेस्त्री उठला, हाताला ग्रीस तसंच.
"माफी शहराच्या गाड्यांना.
आणि गारगोटीहून माझ्याकडं येणाऱ्या गिऱ्हाइकाला?"
मागून कुणीतरी म्हणालं,
"त्यांचं ते बघतील की."
थोडे हसले. बरेच जण हसले नाहीत.
गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री धार काढून देणारी आनंदी
बसल्या जागेवरनंच बोलली,
"म्हस हितली. वैरण कुठली?"

मग भूपाल वकील.
नऊ वर्षं दावा त्यानंच लढवला, फी न घेता.
फायलींसाठी घरातला पाळणा काढून
तिथं कपाट केलं, म्हणतात.
तो म्हणाला, "घ्या.
हरलो तर हेही मिळायचं नाही."
एवढंच बोलला, आणि चष्मा पुसत राहिला.
शिव्या देणाऱ्याला उत्तर देता येतं.
दमलेल्या माणसाला काय देणार?
त्याच्याकडं कुणाला बघवेना.

मत शुक्रवारी, असं ठरलं.
सगळ्यांना मसुदा वाटला, एकवीस पानी.

अण्णांच्या वेळी हातातला तराजू होता.
तेल तोलायचं तर आधी रिकामं भांडं ठेवायचं,
दुसऱ्या पारड्यात खडा, वर चार कवड्या,
दांडी सरळ होईस्तोवर.
"ह्याला धडा म्हणायचं, सुगंधे.
धडा न करता तोललंस
तर गिऱ्हाईक भांड्याचेही पैसे देतं,
आणि त्याला कळतही नाही."
शाळेत धडा म्हटलं की मला अजून
कवड्याच आठवायच्या, मार खायचे.

रात्री यार्डात सामसूम झाल्यावर
मी तो मसुदा नेऊन काट्यावर ठेवला. वेडेपणाच.
केबिनमध्ये येऊन बघितलं : शून्य.
आमच्या काट्याला दहा किलोच्या आतलं दिसत नाही.
मांजर चढलं तरी शून्य,
तान्हं मूल ठेवलं तरी शून्य.
तीस वर्षं ठेवली, तीन कोटी ठेवले,
भूपालचा पाळणा ठेवला :
शून्य, लाल अक्षरात, न लुकलुकता.

पानं उचलून आणली. सातव्या पानावर
'शहर' म्हणजे काय याची व्याख्या होती.
फुलेवाडीच्या पुढं ती संपत होती.
माझी धाकटी बहीण त्याच्या पुढं दोन किलोमीटरवर राहते.

पावणेबाराला कळ्याकडचा ट्रक आला, गूळ भरून.
पोरगं नवीन, मिसरूड फुटलेलं.
"अक्का, काय ठरलं वो टोलचं?"
"शुक्रवारी."
"आमाला पडणार म्हंत्यात."
मी आकडा बघत होते. चौदा टन दोनशे चाळीस.
"शंभर रुपये," मी म्हणाले.
त्यानं नोट काढली, हातात धरूनच हसला.
"ह्यो बी टोलच की, अक्का."

मी मान वर केली नाही.
पावती फाडली, शिक्का मारला,
शाई जरा जास्तच लागली.
"रिकामा करून परत आण," मी म्हणाले,
"त्याशिवाय हिशेब लागत नाही."