नव्वद दिवस

मुलगी दर रविवारी फोनवर विचारते,
बाबा, तिथे सुरक्षित वाटतं ना?
तिच्याकडे बर्गनला भर दुपार असते,
इथे त्रांगमध्ये ट्यूबलाइटभोवती पाली जमलेल्या.
मी म्हणतो, हो.
मग आम्ही तिच्या गुडघ्याबद्दल बोलतो.

त्या 'हो'मधून जे गाळतो
ते इथे लिहून ठेवतोय.

सोळा वर्षं झाली. बाजारात मी अजून 'फरांग'च.
फरांग म्हणजे माझ्यासारखा गोरा उपरा,
आणि फरांग म्हणजे पेरूसुद्धा.
कुणी मला हाक मारतंय की फळवाली माल खपवतेय
हे वळून पाहिल्याशिवाय कळत नाही.
मी दर वेळी वळतो.

धबधब्याच्या फाटकावर दोन दर.
माझा ठळक, इंग्रजी आकड्यांत.
त्यांचा थाई आकड्यांत, वळणावळणाचा,
परक्याला नुसती नक्षी वाटावी असा.
हट्टाने शिकलो ते आकडे.
आता वाचता येतात.
पैसे तेवढेच पडतात.

आणि ती स्कूटर.
सिग्नल लाल होता, मी उभा होतो,
तो पोरगा मागून येऊन आदळला.
हवालदाराने टोपी काढून घाम पुसला,
मला अगदी मायेने समजावलं,
'काका, तुम्ही आपला देश सोडून आलाच नसता
तर हे घडलं असतं का?'
विचार केला. नसतं घडलं.
आठ हजार बाट मोजले.
मग त्याच पोराने वाकून हात जोडले,
त्याच वाकड्या स्कूटरवरून मला घरी सोडलं,
वाटेत उसाचा रस पाजला,
आणि त्याचे पैसे काही केल्या मला देऊ दिले नाहीत.

आता यातलं मुलीला काय सांगू?

पुराच्या रात्री शेजारच्या सांगवान मावशीचा नातू
छातीभर पाण्यातून आधी माझ्याकडे आला,
मावशीची शिलाई मशीन नंतर.
हे तिला सांगितलंय. तीनदा.

दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशन ऑफिसात हजेरी.
मी अजून इथेच आहे, त्याच पत्त्यावर,
एवढंच कळवायचं.
इस्त्रीचा शर्ट घालून जातो.
साहेब उठून मला खुर्ची देतात.

परवा माझ्या खुर्चीच्या पायाशी, फरशीवर,
कांतांगच्या मासळी कारखान्यातल्या बर्मी बायका बसल्या होत्या.
खुर्च्या रिकाम्या होत्या. चार तरी.
एकीचं नाव नॉ म्वे पॉ.
तिची थाई माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार.
वेळ जात नव्हता, म्हणून मुलीचा प्रश्न
मी तिला विचारला.

'सुरक्षित?'
तिने तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला,
मासळीत काटा आहे का बघावं तसा.
मग हनुवटीने एजंटाकडे खूण केली.
त्याच्या मांडीवर रबरबँड लावलेला पासपोर्टांचा गठ्ठा.
'ते आहेत बघा.'
आणि तोंडावर हात ठेवून हसली.
बोटांची टोकं बर्फाने पांढरी पडलेली.

माझं काम चार मिनिटांत झालं.
निघताना त्या तिथेच होत्या.
मी मान हलवली. तिनेही हलवली बहुतेक,
मध्ये एजंट उभा होता.

संध्याकाळी मावशीने भिंतीवरून ताटली पुढे केली,
फोडी, वर मीठ, साखर, लाल तिखट.
'जेवलास का? फरांग, फरांग खाणार का?'
सोळा वर्षं हाच विनोद.
सोळा वर्षं मी हसतो,
परवाही हसलो, जरा उशिरा.

फ्रिजवर नवी चिठ्ठी लावलीय, पुढच्या तारखेची.
तिच्याखाली मावशीचा नंबर, मोठ्या अक्षरांत,
रात्री-अपरात्री चष्मा सापडला नाही तर.
पोलिसांचा नंबरही होता कधीतरी.
तो कागद कुठे पडला कोण जाणे.

उद्या रविवार.
विचारेल ती. हो म्हणेन.
खोटं नाहीच ते.

म्वे पॉला पेरू आवडतो का,
विचारायचं राहून गेलं.