घेणारा

अमळनेरात शेअर म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही.
तेलाच्या कारखान्याचे कागद जे ट्रंकेत ठेवून विसरले
त्यांचे बंगले आहेत धुळे रोडला.
ज्यांनी ते मुलीच्या लग्नात विकले
ते अजून आमचा जिना चढून येतात
आणि आधी पंखा लावायला सांगतात.

हिरामण आप्पा दुसऱ्यांतले.
म्हणून या वेळी विकायचंच नाही म्हणाले होते,
बाराशे शेअर,
मोबाइलवर डाव मांडणाऱ्या कंपनीचे.
"लोक खेळतीनच ना."
स्वतः आखाजीलासुद्धा पत्त्याला हात लावत नाहीत.
निंबाखाली अख्खी गल्ली बसलेली असते,
हवालदार त्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने जातो,
आप्पा खाटेवर बसून ताळेबंद वाचतात,
चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.

मग दिल्लीत कायदा झाला.
सव्वानऊला स्क्रीनवर:
विकणारे अकरा लाख चाळीस हजार,
घेणारे शून्य.
आठ वर्षं बसते मी या खुर्चीत,
शून्य इतकं गरगरीत कधी दिसलं नव्हतं.

"भाव काय शे, बेटी?"
भाव आहे, आप्पा. लिहिलेला आहे.
घेणारा नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भाव
आणखी एक पायरी उतरून बसला,
बोरीच्या कोरड्या पात्रात म्हशी बसतात तसा.

चौथ्या दिवशी त्यांचा लोकेश आला.
"ताई, अ‍ॅपवाले वॉलेटचे पैसे परत देणार होते.
खात्यात आले का, कळतं का इथे?"
तीनशे बारा रुपये.
मी म्हटलं, दाखव.
त्याने फोन पुढे केला, अंगठा वर, वर, वर,
एकोणपन्नास, नव्व्याण्णव, पाचशे, पाच हजार,
रात्री दोन वाजून दहा,
पुन्हा पाच हजार,
आणि प्रत्येक ओळीत तेच नाव
जे आप्पांच्या डीमॅटमध्ये.

मागच्या भादव्यात आप्पांनी ऑफिसात जिलेबी वाटली होती.
लाभांश आला होता, सातशे वीस रुपये.
मी दोन कडी खाल्ली.
नफा कुणाकडून येतो हे आमच्या धंद्यात
कुणी विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं.

लोकेश उतरला तेव्हा आप्पा चढत होते.
"तू आठे काय करस?"
"काही नही."
जिना अरुंद आहे, एकाला भिंतीला टेकावं लागतं.
मुलगा टेकला.

मी पंखा लावला. ऑर्डर पुन्हा टाकली.
साडेतीनला सात मिनिटं असताना
कुणीतरी चाळीस शेअर उचलले.
आप्पांचे नव्हते, रांगेत पुढे असलेल्या कुणाचे तरी.
कोर्ट कायदा फिरवेल असं धरून बसलेला
कुठल्या तरी गावातला कुणी.

आप्पा खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आले.
"कोन व्हई तो?"
मी म्हटलं, माहीत नाही.
डाव लावणारा असेल.