गळ्यातलं बिऱ्हाड

पोस्ट बंद झालं तेव्हा हिल्का आइकिओनं
एकच वस्तू मागून घेतली: पत्रं तोलायचा काटा.
मार्च उजाडला, तेनो नदी अजून घट्ट गोठलेली,
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी
ती त्यावर पाखरं तोलते आहे.

जाळीतून सोडवलेलं पाखरू
शेंगदाण्याच्या पुडीसारख्या कागदात
डोकं खाली करून ठेवते. पाय वर, नखं थरथरत.
तेरा ग्रॅम.
"साध्या तिकिटात जाईल," म्हणते,
आणि वहीत लिहिते.

नाव उरपियाइनेन. पुस्तकात रेडपोल.
चोच पिवळी, हनुवटीला काजळी,
कपाळावर लाल ठिपका.
मी कुंकू म्हणणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली,
लिंगनबेरी चिरडून कुणीतरी बोट पुसलंय.
राहू दे. पाखरू तिच्या हातात आहे,
शब्दही तिचाच.

उणे अडतीसात हे जगतं कसं?
मी मोज्यांचे तीन जोड घालून विचारतो.
ती बोट ठेवते आधी स्वतःच्या गळ्यावर, मग त्याच्या.
इथं एक थैली असते.
डिसेंबरात सूर्य येतच नाही, नुसता निळा उजेड येतो,
तोही दुपारी एकला परत निघतो.
तेवढ्यात हे बर्चच्या फांदीला उलटं लोंबतं,
बी झाडतं, उतरून बर्फावरचं टिपतं,
भराभरा, न सोलता,
गळा फुगेपर्यंत.
मग बर्फात शिरतं. वीतभर बोगदा,
वर चार बोटं भुसभुशीत छप्पर,
आणि साठवलेल्या बियांवर
ती सगळी रात्र ढकलतं.
सकाळी छप्पर फोडूनच बाहेर.
दार कशाला हवं?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमच्याकडे म्हणतात.
याचं गळ्यात.

हिल्काला विंचू माहीत नाही.
मी बोट वाकवून नांगी करून दाखवली,
ती इतकी हसली की कॉफी उतू गेली.

मग पायात कडं, मसुरीएवढं.
त्यावर आकडा, आणि हेलसिंकीचा पत्ता.
सदतीस वर्षं तिनं पत्त्यावर पत्रं पोचवली,
आता पत्ताच उडवून देते.

"परत येतात का?"
ती खणातून पाकीट काढते. रशियन तिकिटं,
बैकलच्या अलीकडचं कुठलंसं गाव,
चार हजार किलोमीटर.
झिनाईदा नावाच्या शाळकरी मुलीचं गोल अक्षर:
आमच्या मांजरानं आणलं. कडं पाठवते आहे.
मांजराच्या वतीनं माफी.

"ज्या साली बर्चला बी धरत नाही,
त्या साली ही निघतात.
परत इथंच यायचं, असं काही ठरलेलं नसतं.
बी जिथं, तिथं."
थोडं थांबून:
"माझ्या बापाची रेनडियरं तरी वळायची."

वहीत मी नंतर पाहिलं. वजनांच्या त्याच रकान्यात,
दोन पाखरांच्या मध्ये,
तिनं ते पाकीटही तोलून लिहिलंय.
अकरा ग्रॅम. माफीसकट.

खिडकी उघडली. पुडी उलगडली.
किती क्षण, मोजता आले नाहीत.
काटा शून्यावर यायला जरा वेळ घेतो, जुना आहे.
तिनं कागद मांडीवर सपाट केला,
तळहातानं दाबून दाबून,
आणि पुढच्यासाठी
परत वळायला घेतला.