बोटभर ढील

डिचोलीच्या बाजारातून आणलेली क्लचची केबल,
काळी, ग्रीसच्या वासाची.
मी डॅशबोर्डखाली डोकं खुपसून उताणी,
पाय दाराबाहेर, कोंबड्यांत.
पेडलचा हूक दिसत नाही,
बोटांनीच बघायचा.

"बसली?" पप्पा सोप्यावरून.
तेवीस वर्षं खाणीचा टिप्पर.
डावा गुडघा तिथंच राहिला,
पिसुर्ल्याच्या चढावर.

जुनी केबल एकाच तारेवर चालत होती.
बाकीच्या कधी तुटल्या,
कळलंच नाही.

बॉनेट उघडून नट आवळते.
"पुरे गो. बोटभर ढील ठेव,
ताणून बसवलीस तर प्लेट जळते."

पहिला गिअर.
गाडी फाटकापर्यंत जाते,
हिसका देऊन बंद.

पप्पांचा डावा पाय
लादीवर
दाबलेलाच.